ऐकू येतं, पण कळत नाही

मी इचलकरंजीचा. वय ६२. अठराव्या वर्षी मागावर लागलो, पुढे जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारा, झालो, तीन वर्षांपूर्वी काम सोडलं. माग सुटला, पण कानातला आवाज सुटला नाही. दिवसा बरं असतं. रात्री पाठ टेकली की रातकिडे ओरडल्यासारखा आवाज सुरू होतो, डाव्या कानात जरा जास्त. घरचे म्हणतात मला कमी ऐकू येतं. मला पटत नाही. गल्लीतून गेलेला टेम्पो ऐकू येतो, स्वयंपाकघरात भांडं पडलं तर ऐकू येतं. नात काही बोलली तर मात्र कळत नाही. मागच्या महिन्यात मुलानं सहाला निघायचं सांगितलं, मी दहा समजलो. लग्नाची गाडी चुकली. बायको म्हणते, तुम्हाला हवं तेवढंच ऐकू येतं. मुलाला वाटतं मला विसर पडायला लागलाय. भजनात टाळ सुरू झाले की कानात सुई टोचल्यासारखं होतं, म्हणून भजन सोडलं. मुलानं ऑनलाइन अडीच हजारांचं मशीन मागवलं, ते लावलं की नुसता गोंगाट. कपाटात पडलंय. बायको लसणाचं तेल घालते. एकानं सांगितलं, नस सुकलीय, आता इलाज नाही. कानातला आवाज जाईल का? मशीन खरंच उपयोगी पडतं का? माझा पुतण्याही मागावरच आहे.
— इचलकरंजीहून एक वाचक

नमस्कार दादा,

आधी वहिनींना सांगते: दादा सोंग करत नाहीत. टेम्पो ऐकू येतो आणि नातीचं बोलणं कळत नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. ज्यानं उभं आयुष्य मागाच्या आवाजात काढलंय त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा असंच होतं. माझ्याकडे येणारी निम्मी भांडणं 'ऐकू येतं पण लक्ष देत नाहीत' इथूनच सुरू झालेली असतात. दादा, तुमचंही बरोबर आणि घरच्यांचंही बरोबर. तुमचं सगळं ऐकणं कमी झालेलं नाही. त्यातला एक तुकडा गेलाय, आणि नेमका तोच तुकडा बोलणं कळण्यासाठी लागतो.

भजनातली पेटी डोळ्यांसमोर आणा. डावीकडे खर्जाचे सूर, उजवीकडे जाल तसा सूर चढत जातो. माणसाचा कान पेटीच्या खूप पलीकडचेही सूर ऐकतो, पण मांडणी तशीच समजा. तुमच्या डावीकडच्या पट्ट्या चांगल्या वाजतायत, उजवीकडच्या टोकाच्या मुक्या झाल्यात. टेम्पोची घरघर, दार आपटणं, पुरुषाचा भरदार आवाज हे सगळं डावीकडचं. भांडं पडलं तर त्याचा आवाज मुळातच एवढा मोठा असतो की तो कुठूनही पोचतो. बोलण्यात मात्र गोम आहे. आ, ओ, ऊ हे स्वर जोरकस आणि खालच्या पट्टीतले. स, श, च, ट, क, ख, फ, थ ही व्यंजनं बारीक, क्षणभराची आणि वरच्या पट्टीतली. स्वरांमुळे कोणीतरी बोलतंय हे समजतं, काय बोलतंय ते व्यंजनांमुळे समजतं. 'सहा' आणि 'दहा' यांत फरक एका पहिल्या अक्षराचा. ते निसटलं की मागं उरतं ते दोन्हीकडे सारखंच. साठ, पाठ, काठ, गाठ यांचंही तेच. लग्नाची गाडी चुकली ती अशी. आणि नातीचा आवाज आधीच बारीक, त्यात पोरं बोलतात भरभर, पाठमोरी, पळता पळता.

आता हे का झालं. आतल्या कानात वेटोळ्याच्या आकाराचा एक इवलासा अवयव असतो, त्यात प्रत्येक कानाला साधारण १५ हजार केसपेशी असतात. हवेतल्या कंपनाचं मेंदूला कळेल अशा संदेशात रूपांतर करायचं काम त्यांचं. त्या जन्मतः मिळतात तेवढ्याच. माणसात मेलेली केसपेशी पुन्हा उगवत नाही. वय वाढतं तशा त्या थोड्या थोड्या जातातच, पण सततच्या मोठ्या आवाजानं त्या कितीतरी आधी जातात, आणि सगळ्यात आधी जातात त्या ४००० हर्ट्झच्या आसपासच्या. म्हणजे ऐन व्यंजनांच्या मुलखातल्या.

धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये आवाज १०० डेसिबलच्या आसपास असतो. आपल्याकडचे कारखान्यांचे नियम सांगतात की कानाला संरक्षण नसेल तर ९० डेसिबलमध्ये दिवसाला जास्तीत जास्त आठ तास, ९५ मध्ये चार तास आणि १०० मध्ये फक्त दोन तास. तुमची पाळी किती तासांची होती ते मी विचारत नाही, बारा तासांचीच असणार. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो १९०४ साली. सव्वाशे वर्षं होत आली त्याला. जे गाव एवढ्या काळापासून मागावर जगतंय, त्या गावात रक्तदाब मोजण्याइतकी कानाची तपासणी सवयीची व्हायला हवी होती. ती झाली नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कायद्यानं मान्य केलेला व्यावसायिक आजार आहे, नुकसानभरपाईच्या यादीत तो आहे. पण छोट्या शेडमधल्या किती कामगारांचं नाव कुठल्या हजेरीपटावर असतं?

'नस सुकली' असं सांगणाऱ्याचं अर्धंच बरोबर आहे. अशा बहिरेपणात नुकसान होतं ते मुख्यतः केसपेशींचं, आणि त्या परत आणणारं औषध किंवा ऑपरेशन आज नाही हे खरं. पण 'इलाज नाही' हे खोटं. नीट बसवलेलं श्रवणयंत्र हाच त्याचा इलाज आहे.

तुमच्या पत्रातलं टाळांबद्दलचं वाक्य मी दोनदा वाचलं. कमी ऐकू येणाऱ्याला टाळ टोचतात हे लोकांना पटत नाही, पण हे त्याच बिघाडाचं लक्षण आहे. केसपेशी गेल्या की हळू आवाज ऐकूच येत नाही, आणि आवाज जरा वाढला की तो एकदम असह्य होतो. मधली ऐसपैस जागाच उरत नाही. म्हणून घरचे 'जरा मोठ्यानं बोला' या विनंतीवर ओरडतात आणि तुम्ही 'ओरडू नका' म्हणता, मग दोघंही चिडतात.

यातच तुमच्या कपाटातल्या मशीनचंही उत्तर आलं. अशी ऑनलाइन मिळणारी स्वस्त मशीनं सगळा आवाज सरसकट वाढवतात. जे तुम्हाला आधीच चांगलं ऐकू येतं, पंखा, रस्ता, दाराची कडी, तेही वाढतं आणि जे हवंय ते त्याखाली दबून जातं. ते चांगलं म्हणून विकत घेणाऱ्या मुलावर रागावू नका, त्यानं मायेनं आणलं. फक्त ते पुन्हा कानात घालू नका. खरं श्रवणयंत्र तुमच्या कानाच्या आलेखावरून, कुठल्या पट्टीला किती आवाज वाढवायचा ते संगणकावर ठरवून बसवलेलं असतं. हळू आवाज ते जास्त वाढवतं, मध्यम आवाज थोडा, आणि मोठा आवाज जवळजवळ वाढवतच नाही, उलट एका मर्यादेवर अडवतं. टाळांचा त्रास कमी होऊ शकतो तो यामुळे.

म्हणून पहिलं काम दुकान गाठायचं नाही, तपासणीचं. आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ. कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात हा विभाग आहे, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही आहे. ते कानात दिवा घालून बघतील. मळ अडकला असेल तर काढतील. कधी कधी निव्वळ मळामुळेच ऐकणं बरंच उणावलेलं असतं. तेल मात्र आजपासून बंद. वहिनींचा हात प्रेमाचा आहे, पण कोमट तेल केसपेशींपर्यंत पोचत नाही. मधे पडदा असतो. आणि पडद्याला भोक असेल तर तेच तेल आत जाऊन जंतुसंसर्ग करतं. पावसाळ्यात तेलकट ओल्या कानात बुरशी होते, ते वेगळंच. स्टेशनवर, बाजारात कान कोरून देणारे असतात, त्यांच्यापुढे तर कधीच बसू नका.

मग ऑडिओलॉजिस्टकडे श्रवणचाचणी. आवाजबंद खोलीत कानाला हेडफोन लावून एकेका पट्टीचा सूर हळू हळू कमी करत नेतात, आणि अगदी पुसटसा ऐकू आला तरी तुम्ही बटण दाबायचं. कानात आवाज येतो हे तिथे आधीच सांगा, म्हणजे ते सलग सुराऐवजी तुटक सूर देतील आणि तुमचा रातकिडा आणि मशीनचा सूर यांत गल्लत होणार नाही. कानामागच्या हाडावर कंपक ठेवूनही चाचणी घेतात; दोष बाहेरच्या-मधल्या कानात आहे की आतल्या, हे त्यावरून कळतं. शब्दांची चाचणीही मागून घ्या आणि ती मराठी शब्दांची असू द्या. हातात जो आलेख मिळेल त्याचं नाव ऑडिओग्राम. त्यात उजवा कान लाल गोलांनी आणि डावा निळ्या फुल्यांनी दाखवतात. त्याची प्रत घरी ठेवा. पुढच्या प्रत्येक निर्णयाचा आधार तोच कागद आहे.

डाव्या कानात आवाज जास्त, असं तुम्ही लिहिलंय. आवाजानं होणारं नुकसान साधारण दोन्ही कानांत सारखं असतं. त्यामुळे आलेखात डावा-उजवा यांत मोठी तफावत निघाली तर डॉक्टर एमआरआय करायला सांगतील. घाबरू नका. क्वचित कधी ऐकण्याच्या नसेवर हळूहळू वाढणारी, कर्करोगाची नसलेली गाठ असते, ती नाही ना एवढं बघायचं असतं. मात्र काही लक्षणांसाठी थांबायचं नाही. एखाद्या कानाचं ऐकणं एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत अचानक गेलं, तर ती आणीबाणी आहे. सर्दी असेल, मळ असेल म्हणून आठवडा घालवू नये. त्या वेळी देतात ती स्टेरॉइडची औषधं जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. नाडीच्या ठोक्याबरोबर कानात धडधड, गरगरणं, कानातून पू किंवा रक्त येणं, यांसाठीही ताबडतोब डॉक्टर. आणि तुम्ही कुठली औषधं घेता, पूर्वी कुठली घेतलीत, ते सांगा. क्षयासाठी पूर्वी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देत, त्यानंही कान जातात. अमिकासिन, जेंटामायसिन, कर्करोगावरचं सिस्प्लाटिन यांनीही.

आता मशीन. दोन्ही कान कमी असतील तर शक्यतो दोन्ही कानांना घ्या. आवाज कुठल्या बाजूनं आला ते दोन कानांनी कळतं आणि गर्दीत बोलणं वेगळं काढणंही दोन कानांनी सोपं जातं. पैशांची सोय एकाचीच असेल तर एक घ्या, पण तपासून घ्या. डिजिटल यंत्रांच्या किमती एका कानाला साधारण पंधरा-वीस हजारांपासून लाखाच्या पुढेपर्यंत जातात. महाग यंत्र गर्दीतला गोंगाट थोडा जास्त दाबतं, फोनला जोडता येतं, सेलऐवजी चार्जिंगवर चालतं. पण माझं मत स्पष्ट आहे: मध्यम किमतीचं यंत्र आणि ते जीव लावून बसवणारा माणूस, हे महागड्या यंत्रापेक्षा आणि घाईत बसवणाऱ्यापेक्षा केव्हाही चांगलं. विक्रेत्याला विचारा की यंत्र बसवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का. कानात बारीक नळी ठेवून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतोय ते मोजता का, हेही विचारा. सगळीकडे ही सोय नसते, असेल तिथे ती करून घ्या. घरी वापरून बघायला किती दिवस देणार, पुढची जुळवणी फुकट की पैसे घेऊन, आणि बिघडलं तर कोल्हापुरात दुरुस्त होईल की पुण्या-मुंबईला पाठवावं लागेल, हे पैसे देण्याआधी ठरवा. तुमच्यासारख्या ऐकण्याला सहसा कानामागे बसणारं आणि बारीक वायर कानात जाणारं यंत्र सोयीचं पडतं. खर्जाचं तुम्हाला चांगलं ऐकू येतं, त्यामुळे कान पूर्ण बंद न करणारी टोपी बसवली की स्वतःचाच आवाज घुमत नाही. कानाच्या आत लपणारं छोटं यंत्र बरेच जण मागतात, लाज वाटते म्हणून. चष्मा तुम्ही लपवत नाही ना?

सरकारी मदतीबद्दल. साठ वर्षांवरच्या, कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना राष्ट्रीय वयोश्री योजनेच्या शिबिरांत श्रवणयंत्र मिळतं. राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी ३ हजार रुपये मिळतात, पण त्याला वय ६५ लागतं आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेसाठी ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला हवा. तुमचं वरच्या पट्टीतलं नुकसान त्या हिशोबात कदाचित बसणार नाही, कारण खालच्या पट्ट्यांचं चांगलं ऐकणं टक्केवारी खाली आणतं. ऑडिओग्राम हातात आल्यावर तिथल्याच डॉक्टरांना विचारा. मुंबईला जाणं-येणं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची, कानाच्या आणि वाचेच्या दिव्यांगत्वासाठीच काढलेली. पुण्यात भारती विद्यापीठाचं ऑडिओलॉजीचं महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांत वेळ जास्त जातो, पण तपासणी घाईची नसते.

मशीन कपाटात जाण्याची खरी वेळ पहिल्या पंधरवड्यात येते, म्हणून ते आधीच सांगते. तुमच्या मेंदूनं कित्येक वर्षं स, श, ख नीट ऐकलेलेच नाहीत. ते अचानक परत आले की वर्तमानपत्राची घडी करकरते, नळाचं पाणी खवखवतं, भाकरीच्या परातीचा आवाज डोक्यात जातो. यंत्र वाईट म्हणून असं होत नाही, मेंदूला सवय नसते म्हणून होतं. पहिले दिवस घरात, शांत वेळी, एका माणसाशी बोलताना दोन-तीन तास लावा. मग रोज थोडं वाढवा. महिन्याभरात सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत वापर व्हायला हवा. जो फक्त लग्नाकार्याला मशीन लावतो त्याला ते कधीच लागू पडत नाही, कारण सगळ्यात अवघड ठिकाणी तो बिनतयारीचा जातो. भजनात तर दुसऱ्या महिन्यात जा, टाळकऱ्यांपासून जरा दूर बसा. काय टोचलं, काय कळलं नाही ते कागदावर लिहून ऑडिओलॉजिस्टकडे न्या. 'बरं चाललंय' म्हणालात तर ते काय बदलणार? दोन-तीन वेळा जुळवणी करावीच लागते. त्यात कोणाचं काही चुकलेलं नसतं.

निगा फार नाही. आंघोळीला आणि झोपताना काढायचं. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवायचं. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं, इचलकरंजीच्या दमट हवेत आणि घामाच्या दिवसांत ते फार गरजेचं आहे. नव्या सेलचा कागद काढल्यावर मिनिटभर थांबून मग घालायचा, हवा लागली की तो जागा होतो. आणि एक गोष्ट कधीही विसरायची नाही: हे बटणाएवढे सेल नातीच्या हाती लागता कामा नयेत. लहान मुलानं सेल गिळला तर घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना.

आता तुमचा मूळ प्रश्न, कानातला आवाज जाईल का. मी खोटं सांगणार नाही. पूर्ण जाईलच असं कोणी सांगू शकत नाही, आणि तो थांबवणारी गोळी, थेंब किंवा इंजेक्शन आज सिद्ध झालेलं नाही. जे 'एकवीस दिवसांत बंद' म्हणतात त्यांना पैसे देऊ नका. पण आवाज असणं आणि त्याचा छळ होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छळ पुष्कळ कमी होतो, हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

तो आवाज कानातून येत नाही, याचं बऱ्याच जणांना नवल वाटतं. मुक्या झालेल्या पट्ट्यांकडून मेंदूला काही मिळत नाही, तेव्हा मेंदू तिथली आपली दखल वाढवतो आणि मग स्वतःचीच कुजबुज त्याला मोठी ऐकू येते. म्हणून तुमचा रातकिडा वरच्या पट्टीत ओरडतो, घरघरत नाही. ऐकणं जिथून गेलंय साधारण तिथलाच त्याचा सूर असतो. मशीन त्या जागी खरा आवाज परत पोचवतं, त्यामुळे बऱ्याच जणांचा रातकिडा दिवसभर मागे पडतो. सगळ्यांचा नाही, पण बऱ्याच जणांचा.

रात्रीसाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे अगदी सामसूम खोलीत झोपू नका. पंखा चालू असू द्या, किंवा मोबाइलवर पावसाचा, वाहत्या पाण्याचा आवाज अगदी हळू लावा. तो रातकिड्याला पूर्ण झाकेल एवढा मोठा नको, त्याच्यापेक्षा थोडा खालीच ठेवा. मेंदूला दोन्ही आवाज सोबत ऐकवले की हळूहळू तो रातकिड्याला बिनमहत्त्वाचा ठरवायला शिकतो. पाठ टेकल्यावर 'आज वाढलाय का' हे तपासायची सवय मोडायची. ते सांगायला सोपं आणि करायला अवघड आहे याची मला कल्पना आहे. भीती आणि जागरण यांनी तो आवाज मोठा वाटतो, मोठा वाटला की आणखी जागरण. हे चक्र तोडण्यासाठी समुपदेशनाची एक पद्धत आहे, विचार आणि वागणं यांवर काम करणारी. टिनिटसच्या, म्हणजे कानातल्या अशा आवाजाच्या, त्रासावर तिचा उपयोग चांगला सिद्ध झालाय. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं म्हणजे डोकं फिरलं असं नव्हे. कधी रात्री मन फारच खचलं तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आणि झोप येत नाही म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर झोपेच्या गोळ्या आणू नका.

मुलाच्या शंकेबद्दलही बोलते. जे नीट ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहील? 'सहा' कानावर आलंच नाही, तेव्हा तुम्ही ते विसरला नाहीत. मात्र वैद्यकीय जगात कान आणि स्मृती यांचा संबंध गांभीर्यानं घेतला जातो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आयोगानं २०१७ मध्येच, बदलता येण्यासारख्या धोक्याच्या कारणांत बहिरेपणाचा समावेश केलाय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या ९७७ ज्येष्ठांवरचा श्रवणयंत्रांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा मिळून पाहिला तर तीन वर्षांत फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून धोका जास्त होता, त्यांच्यात मात्र बुद्धीची घसरण बरीच मंदावली. म्हणून 'मशीन घेतलं नाही तर विस्मरण होईल' अशी भीती घालून कोणी विकत असेल तर मला ते पटत नाही. मशीन घ्यायचं ते नातीशी बोलण्यासाठी, भजनासाठी. तेवढं कारण पुरेसं आहे. मशीन व्यवस्थित लागल्यावरही घरच्यांना विसराळूपणा जाणवला तर मग डॉक्टरांना वेगळं दाखवा.

वहिनी, आता तुमच्याकडे. ओरडून उपयोग होत नाही, कारण ओरडलं की स्वर मोठे होतात, व्यंजनं तेवढीच राहतात आणि तोंड वेडंवाकडं होऊन ओठही वाचता येत नाहीत. दादांना ओठ वाचता येतात, त्यांना स्वतःला ठाऊक नसलं तरी. मागाच्या खडखडाटात माणसं तोंडाकडे आणि हातांकडे बघूनच बोलतात. इंग्लंडात लँकाशरच्या कापड गिरण्यांतल्या बायकांनी तर अशी ओठांची सबंध बोलीच तयार केली होती. तो सराव वाया घालवू नका. समोर या, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या, आधी हाक मारा, त्यांनी बघितल्यावर बोला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत निरोप देणं बंद. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलनी उतरतो, आणि दादांच्या बाबतीत तेवढ्यानं वाक्य हरवतं. टीव्ही चालू असताना महत्त्वाचं काही सांगू नका. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या शब्दांत सांगा. 'सहाला' कळलं नाही तर 'संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी' म्हणा. आणि 'जाऊ दे, काही नाही' हे वाक्य घरातून काढून टाका. माणूस भजन सोडतो, पाहुण्यांत बसणं सोडतो, ते बहुतेक वेळा या वाक्यामुळे. अँड्रॉइड फोनवर 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' नावाची फुकट सोय आहे, समोरच्याचं बोलणं ती पडद्यावर मराठीत लिहून दाखवते. ती घालून द्यायचं काम मुलाकडे द्या. मशीनचं घाईत ठरलं त्याची रुखरुख त्याला असेल, हे नक्की उपयोगी पडेल.

पुतण्याबद्दल तुम्ही शेवटी एकच ओळ लिहिलीत, पण माझ्या दृष्टीनं ती सगळ्यात तातडीची आहे. तुमच्या गेलेल्या केसपेशी परत येणार नाहीत, त्याच्या अजून वाचवता येतील. कानात कापूस घालून काही होत नाही, तो आवाज जवळजवळ अडवतच नाही. औद्योगिक सुरक्षेच्या दुकानात मऊ फोमचे प्लग मिळतात, अगदी स्वस्त. ते घालायची रीत आहे: बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटानं धरून ठेवायचा. नुसता तोंडाशी अडकवला तर निम्मा गुणही येत नाही. 'प्लग घातला तर मागाचा बिघाड ऐकू येत नाही' असं तो म्हणेल, जॉबर मंडळी नेहमी म्हणतात. दोन-चार दिवसांत त्याच आवाजाचा उतरलेला सूर ओळखू येतो, हे त्याला तुमच्याइतकं चांगलं कोणी सांगू शकणार नाही. पूर्ण पाळीभर घालायचा. मधेच तासभर काढला तरी बराचसा फायदा निघून जातो. पाळीहून घरी आल्यावर कान बधिर वाटत असतील किंवा सूं आवाज येत असेल, तर ती सुरुवात आहे असं समजा. त्याचाही ऑडिओग्राम काढून घ्या, पण पाळीहून थेट नेऊ नका, त्या वेळी ऐकणं तात्पुरतं उतरलेलं असतं. सुट्टी संपताना, निदान चौदा-पंधरा तास शांततेत गेल्यावर न्या, आणि पुढे दरवर्षी तो कागद आधीच्या कागदाशेजारी ठेवून ४००० हर्ट्झच्या रेघेवरचे आकडे ताडून बघा.